नीलम हुकूमचंदचे पाच बळी

कारंजा (लाड)
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय फुला,

जय जिनेंद्र, आणि तुला कडक जय भीम.

पत्र पाहून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. यंदा चातुर्मासात महाराजांसमोर दोन नियम घेतले. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मोबाईलला हात लावायचा नाही आणि कारंज्याच्या वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. आमच्या अंकितने माझा फोन कपाटात ठेवला, किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "आई, तुझ्याच्यानं आठ दिवस होत नाही." म्हटलं, बेटा, तुझी आई डिसेंबरच्या उन्हात अख्खा दिवस टोपीशिवाय उभी राहिलेली कप्तान आहे. तू आपलं दुकान सांभाळ.

तर बातमी अशी, की वाशीमला नवं मैदान झालं. त्याच्या इमारतीवर काळ्या दगडाचा फलक लागणार, आणि त्यावर सगळ्यात वर माझं नाव: विदर्भाच्या मुलींच्या पहिल्या संघाची पहिली कप्तान! समितीचे देवानंद सर स्वतः दुकानावर येऊन सांगून गेले. खाली जिल्ह्यातल्या त्या संघातल्या मुलींची नावं आणि त्यांची सगळ्यात चांगली कामगिरी. जिल्ह्यातल्या मुली म्हणजे कोण? तू आणि मी. सोहळा तेवीस नोव्हेंबरला, म्हणजे माझे नियम सुटल्यावर. तू पहिल्या रांगेत बसायचं आहेस, हा कप्तानाचा हुकूम.

एक स्मरणिकाही निघते आहे. त्यात इंदूरच्या सामन्यावर मी आठ पानं लिहून दिली. आपल्या चौऱ्याण्णव धावा, त्यांच्या एक्क्याऐंशी, आणि तुझे सतरा धावांत पाच बळी. आणि नीलमचा किस्सा तर असा रंगवला आहे, की वाचणारा खुर्चीवरून पडेल. इंदूरच्या धर्मशाळेत मी मुनीमजींच्या समोर नोंदवहीत तुझं नाव बिनधास्त "नीलम हुकूमचंद" लिहिलं, तुला माझी धाकटी बहीण करून टाकलं! दुसऱ्या दिवशी मुनीमजी जेवणाचे डबे घेऊन मैदानावर येणार, माइकवर नाव ऐकणार, म्हणून संघाच्या यादीतही नीलमच. आणि संध्याकाळी तू मंदिरात णमोकार मंत्र माझ्यापेक्षा स्वच्छ म्हटलास. मुनीमजी मला म्हणाले, "छोटी बहन ज़्यादा संस्कारी है." आठवतं ना? सत्तेचाळीस वर्षं झाली, अजून सांगते आणि अजून लोक हसतात.

आपल्या दोघींचा एखादा जुना फोटो असेल तर लगेच पाठव. शेषरावकाकांना नमस्कार. अठ्ठ्याऐंशी झाले ना? शंभर करायचे म्हणावं, बाद व्हायचं नाही.

तुझी कप्तान,
राजी

•

जऊळका
२१ ऑगस्ट २०२५

राजी,

जय भीम. तुझ्या घरी सगळ्यांना जय जिनेंद्र.

फलकाची बातमी वाचून बरं वाटलं. तुझं नाव लागायलाच हवं होतं, उशीरच झाला. मुलींचं क्रिकेट म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा तू घराघरांत जाऊन आयांशी भांडून संघ उभा केलास. पुढे वीस वर्षं कारंज्यात पोरी घडवल्यास. हे मी कुणालाही सांगेन.

माझ्याकडे फोटो नाही. दवाखान्यातून निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडताना बरंच काही गेलं.

दोन गोष्टी. नीलमचा किस्सा स्मरणिकेत छापू नकोस. आणि फलकावर माझं नाव काय लिहिणार आहेत, ते विचारून कळव.

बाबा बरे आहेत. ऐकू कमी येतं. सकाळी चालत स्टेशनापर्यंत जातात, गाडी गेली की परत येतात. चाळीस वर्षं रेल्वेच्या गँगमध्ये रूळ सांभाळले, आता ते रूळ दुसरे सांभाळतात यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

पंचफुला

•

कारंजा (लाड)
२७ ऑगस्ट २०२५

प्रिय फुला,

तुझं पत्र म्हणजे दवाखान्याची चिठ्ठी. दोन गोळ्या सकाळी, दोन संध्याकाळी, संपलं! अगं, सिस्टर म्हणून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, आता तरी जरा ऐसपैस लिही.

किस्सा का छापायचा नाही? लाजतेस की काय? तू पहिल्यापासून अशीच. बळी घेतला की मान खाली घालून पुढचा चेंडू टाकायला मागे निघायचीस, आणि टाळ्या मीच घ्यायचे. आता म्हातारपणी तरी टाळ्या घे.

नावाचं मी देवानंद सरांना विचारलं. इंदूरच्या त्या वेळच्या गुणलेखकाच्या मुलाने जुनी वही सांभाळली होती, ती आता समितीकडे आली आहे. सरांनी दुकानावर आणली, मी स्वतः पाहिली. शाई अजून काळीभोर! त्यात "नीलम हुकूमचंद, १७ धावांत ५" असं आहे. समितीचा नियम म्हणजे वहीत जे आहे तेच दगडावर. म्हणून फलकावर ते नाव येईल. पण तू काळजी करू नकोस. भाषणात मी सगळ्यांसमोर सांगणार, की ही नीलम म्हणजे आमची पंचफुला. केवढी मजा येईल! आणि तसंही काय फरक पडतो? माझ्या वडिलांचं नाव मी तुला दिलं. सख्ख्या बहिणीला याहून जास्त काय देतात?

उद्यापासून दशलक्षण पर्व. दहा दिवस एकाच वेळेला जेवण आणि पूजा, त्यामुळे पत्र नाही. क्षमावाणीचं कार्ड नेहमीसारखं येईलच.

तुझी,
राजी

•

(छापील कार्ड, ८ सप्टेंबर २०२५)

॥ उत्तम क्षमा ॥
गेल्या वर्षभरात आमच्याकडून जाणते-अजाणतेपणी, मनाने, वाणीने वा कृतीने आपले मन दुखावले गेले असल्यास आम्ही अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.
राजमती सन्मती आणि परिवार, कारंजा (लाड)

(खाली पेनाने:) फुला, उत्तर नाही? रागावलीस की काय? रा.

•

जऊळका
१३ सप्टेंबर २०२५

राजी,

कार्ड मिळालं. हे सत्तेचाळिसावं. सगळी मी ठेवली आहेत, एका पिशवीत. पहिलं १९७९ चं, पोस्टकार्डावर, तुझ्या हाताचं. पुढे छापील झाली. सगळ्यांवर तेच लिहिलेलं असतं: दुखावलं गेलं असल्यास. असल्यास म्हणजे काय, राजी? सत्तेचाळीस वर्षांत एकदाही तुला वाटलं नाही का, की विचारून पाहावं?

तू म्हणालीस ऐसपैस लिही, तर लिहिते.

त्या दिवशी सकाळी धर्मशाळेत तू नोंदवहीत लिहीत होतीस, तेव्हा मी तुझ्या मागे उभी होते. तुझी आई चामड्याचा चेंडू घरात येऊ देत नसे, म्हणून तो माझ्या पेटीत असायचा, तेव्हाही माझ्याच पेटीत होता. पेटी जड होती, मी ती खाली ठेवली आणि वर पाहिलं तर तू "नीलम हुकूमचंद" लिहून मोकळी झाली होतीस. मागे वळून डोळा मारलास. "तीन दिवस तू नीलम. समजलं?" मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. मला खेळायचं होतं.

तुला हे माहीत नाही, की सामन्याच्या दिवशी बाबा इंदूरला आले होते. तेव्हा छोटी लाईन जऊळक्यावरून सरळ इंदूरला जायची. त्यांनी रेल्वेचा पास काढला, रजा टाकली, आणि मला न सांगता आले. हे मला सामना संपल्यावर मैदानाच्या फाटकावरच्या माणसाने सांगितलं. "कोई ख़ाकी शर्टवाला पंचफुला शेषराव को पूछ रहा था. मैंने लिस्ट देखी, बोला इस नाम की कोई लड़की नहीं." मी पायातले बूट न काढता फाटकाबाहेर पळाले. कुणी नव्हतं.

घरी आले तर बाबा काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. त्यांना वाटलं असणार, की मला संघात घेतलंच नाही आणि मी घरी खोटं सांगितलं. खरं सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं, की तुमची पोरगी गप्प उभी राहिली आणि तिने दुसऱ्याचा बाप लावून घेतला. ज्या माणसाने छप्पन साली एकोणीस वर्षांचा असताना दीक्षा घेतली आणि स्वतः ठरवलं काय सोडायचं आणि काय ठेवायचं, त्याला हे कसं सांगू? त्यांनी सगळं सोडलं, पण मुलगी झाली तेव्हा आपल्या आईचं नाव ठेवलं. पंचफुला. ते नाव त्यांनी निवडलेलं आहे.

पुढच्या हंगामात मी आले नाही. तुला सांगितलं, नर्सिंगला नंबर लागला. नंबर जूनमध्ये लागला. चेंडू मी जानेवारीतच सोडला होता.

आता तू म्हणतेस, माझ्या वडिलांचं नाव मी तुला दिलं. मला वडील होते, राजी. अजून आहेत. समोर बसून तुरीच्या शेंगा सोलत आहेत.

भाषणात सांगू नकोस. बोललेलं वाऱ्यावर जातं, आणि तू बोललीस की त्याचा किस्सा होतो. मला कागद हवा. त्या सामन्याची खरी यादी, अकरा नावांची, कप्तानाच्या सहीची, आणि खोटं नाव कुणी लिहिलं ते त्यात स्पष्ट. यंदा क्षमा मागायची असेल तर नाव घेऊन माग.

पंचफुला

•

कारंजा (लाड)
२० सप्टेंबर २०२५

पंचफुला,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदाही रागच आला, म्हणून लिहिते आहे.

शेषरावकाका आले होते हे मला आज कळलं. त्याचं वाईट वाटलं, मनापासून वाटलं. पण हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस? मी त्याच गाडीने जऊळक्याला आले असते आणि काकांच्या पाया पडून सांगितलं असतं. तू गप्प बसलीस, आणि आता सत्तेचाळीस वर्षांचं बिल माझ्या नावावर फाडतेस.

आणि जरा आठव. मुनीमजींनी विचारलं होतं, "सब अपनी ही लड़कियाँ हैं न?" मी त्यांच्या समोर उभी होते. विसाव्या वर्षी. अकरा मुलींची राहायची सोय, जेवणाची सोय, सगळं माझ्या वडिलांच्या ओळखीवर. मी काय करायला हवं होतं? तुला रात्री स्टेशनवर झोपवायला हवं होतं? मी तुला वाचवलं, फुला. कप्तानाचं काम असतं ते. पावसात दुसऱ्याच्या डोक्यावर छत्री धरली तर तो म्हणत नाही की मला विचारलं का नाहीस.

यादीचं म्हणशील तर देवानंद सरांना सहज विचारलं, कुणाचं नाव न घेता. ते म्हणाले, खोट्या नावाने खेळाडू खेळवला असं कप्तानानेच लिहून दिलं, तर तो सामना धरता येणार नाही. विजय गळणार. कप्तान म्हणून मी किती सामने खेळले? अकरा. जिंकले किती? तुलाही ठाऊक आहे. एक. तोच. फलकावर माझ्या नावापुढे "पहिला विजय, इंदूर, १९७८" असं कोरणार आहेत. ते काढलं तर उरतं काय? दहा सामने हरलेली एक बाई.

तू मागतेस ते थोडं नाही. विचार कर.

राजमती

•

जऊळका
२६ सप्टेंबर २०२५

राजी,

विचार केला.

मुनीमजींनी "सब अपनी हैं न" असं विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, "कितनी जनी हो?" एवढंच. मी मागेच होते. ते म्हातारे होते, सर्दी झाली होती, त्यांना फक्त गाद्या किती काढायच्या ते हवं होतं.

नागपूरची रोझलिन त्याच नोंदवहीत रोझलिन म्हणून लिहिली गेली. तुझ्याच हाताने, माझ्या वरच्या ओळीत. ती तीन दिवस रोझलिन म्हणून राहिली, जेवली, गळ्यातला क्रॉस घालून मंदिराच्या पायरीवर बसली. तिला कुणी काही म्हटलं नाही. अकराजणींत नाव एकीचंच बदललं.

चेंडू टाकण्याआधीच तू बॅट फिरवलीस. का फिरवलीस ते मला माहीत आहे. तुला माहीत आहे का, ते पाहा.

मी आता लिहिणार नाही.

पंचफुला

•

कारंजा (लाड)
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय फुला,

तू लिहिणार नाहीस म्हणालीस, पण वाचणार नाही असं म्हणाली नाहीस, त्या भरवशावर लिहिते.

दोन आठवडे लागले. नियम घेतला नसता तर पत्र आलं त्याच दिवशी मंगरूळपीरची एसटी पकडून तुझ्याकडे आले असते, दारात उभं राहून रडले असते, तुला मिठी मारली असती, आणि तू भली बाई, चहा ठेवला असतास. म्हणजे सगळं पुन्हा झाकलं गेलं असतं. वेशीच्या आत अडकले म्हणून मला बसून विचार करावा लागला. मला त्याची फारशी सवय नाही, हे तू जाणतेस.

मुनीमजींनी "कितनी जनी हो" एवढंच विचारलं होतं. तू बरोबर आहेस. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले, की त्यांनी असं विचारलं आणि मी तसं केलं. शंभरदा सांगून मला ते ऐकू यायला लागलं होतं. तो प्रश्न त्यांच्या तोंडात मी घातला. बिचारे कधीच वारले असतील, आणि मी त्यांना दर भाषणात वाईट ठरवत होते.

प्रश्न माझ्याच डोक्यात होता. आणि खरं सांगू? मला मुनीमजींची भीती नव्हती. मला कारंज्याची भीती होती. हुकूमचंदच्या मुलीने समाजाच्या धर्मशाळेत कुणाला नेऊन ठेवलं, ही गोष्ट बाजारात आली, की बाबा माझं खेळणं बंद करणार, याची भीती होती. रोझलिनचं कुणी काही बोललं नसतं, तुझं बोलले असते. हे मला माहीत होतं, म्हणून माझा हात तुझ्याच नावावर अडखळला. मी तुला वाचवलं नाही, फुला. मी माझी कप्तानी वाचवली, आणि त्यासाठी तुझ्या बापाचं नाव पुसलं. वर तो उपकार म्हणून सत्तेचाळीस वर्षं मिरवला.

तर आता केलं ते सांगते. देवानंद सरांना दुकानावर बोलावलं. तांदळाच्या पोत्यावर बसवलं, कारण खुर्चीवर बसवलं असतं तर लवकर उठले असते. त्यांच्यासमोर खरी यादी लिहिली. अकरा नावं. पाचव्या क्रमांकावर, जिथे तू खरोखर होतीस तिथे: पंचफुला शेषराव, जऊळका. खाली लिहिलं, की मूळ यादीतलं "नीलम हुकूमचंद" हे नाव मी, कप्तान राजमती हुकूमचंद हिने, त्या खेळाडूला न विचारता, स्वतःच्या भीतीपोटी लिहिलं. त्या नावाची कोणी मुलगी नव्हती. पाच बळी पंचफुला शेषराव हिचे. सही, तारीख.

अंकित मध्ये पडला. "आई, हे कशासाठी? पन्नास वर्षांनी? लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोक काय म्हणतील याच प्रश्नाने ही यादी बिघडली होती.

देवानंद सर पोत्यावर चुळबुळ करत म्हणाले, "ताई, विजय काढावा लागेल." म्हटलं, काढा. "मग तुमच्या नावापुढे काय लिहू?" म्हटलं, अकरा सामने, कप्तान. खोटं काय आहे त्यात? मी दहा सामने हरले आणि तरी अकराव्यासाठी मुली गोळा केल्या. हरणाऱ्या संघाची कप्तानी ज्याने केली त्यालाच कळतं ती काय असते. जिंकणाऱ्यांची कुणीही करील. हे बोलताना मला एकदम हलकं वाटलं, आणि देवानंद सरांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. फलकावर तुझ्या नावापुढे पाच बळी राहतील, ते यादीसकट वहीला जोडणार आहेत. सामन्याच्या निकालाची जागा कोरी. स्मरणिकेतली माझी आठ पानं मी परत मागून घेतली.

कार्डावर "असल्यास" लिहिलेलं असतं. मी ते खोडते. मी तुझं नाव पुसलं, फुला. शेषरावकाकांचं पुसलं. जाणतेपणी. मी क्षमा मागते. तू दिलीच पाहिजेस असं नाही. कप्तानाचा हुकूम वगैरे काही नाही यात.

यादीची सहीची प्रत सोबत आहे. ती तुझी.

राजी

•

जऊळका
२५ ऑक्टोबर २०२५

राजी,

दिवाळीच्या गर्दीत पोस्टाने उशीर केला, तुझं पत्र परवा मिळालं. लिहिणार नव्हते, पण हे तुला कळायला हवं.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवायचं ठरवलं. दुपारी ओट्यावर बसले होते. मी जवळ बसले आणि पहिल्यांदा इंदूरपासून सगळं सांगितलं, नोंदवही, पेटी, तुझं लिहिणं, माझं गप्प राहणं. म्हटलं, बाबा, तुम्ही त्या दिवशी फाटकापर्यंत येऊन परत गेलात, मला माहीत होतं.

ते म्हणाले, "वापस कुठी गेलो मी?"

मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"आलं ऐकू. फाटकवाला म्हने, अशी कोनी पोरगी नाही. मंग मी भिंतीच्या बाजूनं गेलो. तिथी जांबवाल्याची गाडी होती. तो काही चढू देऊन नोता राह्यला. त्याच्याजवळून दोन किलो जांब घेतले, तवा म्हने चढ. चाकावर उभं राहून पायलं मी सारं."

राजी, ते जांब मी खाल्ले होते. इंदूरहून आले तेव्हा घरात टोपलीभर पिकलेले पेरू होते. कुठून आले हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

मग त्यांनी मला पाचही बळी सांगितले. क्रिकेटचे शब्द त्यांना येत नाहीत. "तिघीचे लाकडं पडले. एक तर उलटीकडं पाहतच राह्यली, अन् मांगून लाकूड गेलं. दोघीचे झेलले. तू डाव्या हातानं फेकतं, मले दुरून समजते न. घरी बी ढेकूळ डाव्या हातानंच मारे कुत्र्याले." ते हसत होते. सत्तेचाळीस वर्षं जपून ठेवलेली गोष्ट ते मला आपल्याच मळ्यातल्या पिकासारखी दाखवत होते.

मी म्हटलं, "मग भेटले काहून नाही, बाबा? हाक तरी मारायची."

ते म्हणाले, "भोंग्यावर दुसरंच नाव घेऊन राह्यले होते. हुकूमचंदची पोरगी म्हनून. मी हाक कोन्या नावानं मारू?"

मी इतकी वर्षं समजत होते, की त्यांना वाटलं मला संघात घेतलं नाही. त्यांनी तर सगळं पाहिलं होतं. त्यांना वाटलं होतं ते वेगळंच.

"मले वाटलं," ते म्हणाले, "पोरगी मोठ्या लोकायत गेली, तिले बापाची लाज वाटून राह्यली. म्हनून तूनंच नाव बदललं. म्हटलं, ठीक हाये. शिकली-सवरली, तिची मर्जी." आणि मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "तूनं नोतं बदललं?"

मी म्हटलं, "नाही, बाबा. मी नाही बदललं. गप्प राहिले, ती चूक माझी. पण लिहिलं मी नाही."

"कायावरून?"

तेव्हा मी तुझा कागद काढला. माझ्या तोंडच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला असता, पण या एका गोष्टीत मला माझ्या शब्दाचा भरवसा वाटला नसता. कागद होता, बरं झालं. मी वाचत गेले. "त्या खेळाडूला न विचारता" इथे त्यांनी हात वर केला, मला थांबवलं. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. मग म्हणाले, "हे लिवाले तिले जड गेलं असंन."

मी म्हटलं, "हो. तिचा जिंकलेला एकच सामना होता, तो तिने सोडला."

"मंग ते खरी कप्तान हाये," बाबा म्हणाले. "तिले म्हनाव, नेम सुटला का ये. दिवस असतानाच ये, म्हंजे जेऊन जाशीन."

तर ये. मी तुला माफ केलं की नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण तेवीस तारखेला मी बाबांना घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे, एवढं नक्की.

त्यांनी मला यादी पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावली. एक, दोन, तीन, रोझलिन चौथी. पाचव्या नावापाशी आले, तेव्हा कान पुढे करून म्हणाले, "जोरानं वाच."

मी जोरानं वाचलं.

पंचफुला शेषराव